आत ‘वेलकम’, बाहेर ‘नो एक्झिट’!

चहाच्या टपरीवर कुणीतरी मोबाइल पुढे करतं. ‘बघ, चार दिवसांत पाचपट!’ ग्राफ नुसता वर वर. एकही लाल रेघ नाही. बॉस, भानगड नेमकी तिथेच आहे. भाव पडत नाही, कारण कुणाला विकताच येत नाही! यालाच म्हणतात हनीपॉट. आधी मधाचं बोट, मग बरणीचं झाकण बंद.

आठवतंय ‘स्क्विड’?
नेटफ्लिक्सची ‘स्क्विड गेम’ गाजत असताना ऑक्टोबर २०२१ मध्ये याच नावाचं टोकन आलं. नेटफ्लिक्सचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. एका सेंटच्या आसपासचा भाव आठवडाभरात २,८०० डॉलरच्या वर गेला. विकायला मात्र म्हणे ‘मार्बल्स’ नावाचं दुसरं टोकन हवं! १ नोव्हेंबरला भाव काही मिनिटांत जवळपास शून्यावर आला आणि बनवणारे सुमारे ३३ लाख डॉलर घेऊन पसार झाले.

फंडा काय?
युनिस्वॅप, पॅनकेकस्वॅपवर समोर विक्रेता नसतो, पूल असतो. हौदच म्हणा ना. त्यात एकीकडे नवं टोकन, दुसरीकडे इथर किंवा बीएनबीसारखं चलनी नाणं. तुम्ही नाणं टाकून टोकन काढलंत की टोकन कमी होतं, भाव आपोआप चढतो. असा पूल कुणीही, कुणालाही न विचारता उघडू शकतं. टोकनचा कोडही त्याचाच. त्यात एखादी ओळ घुसवली की मालक सोडून सगळ्यांची विक्री अडते. नाहीतर विक्रीवर ९९ टक्के ‘टॅक्स’!

पैसे टाकण्याआधी
• इथरस्कॅन किंवा बीएससीस्कॅनवर विक्रीचे व्यवहार बघा. एक-दोनच वॉलेट्स विकताहेत? पळा!
• कोड ‘व्हेरिफाइड’ नसेल तर हात लावू नका.
• हनीपॉट तपासणारी टूल्स लुटूपुटूची विक्री करून बघतात. जरूर वापरा, पण कोडमध्ये स्विच ठेवला असेल, तर आज ‘पास’ झालेलं टोकन मालक उद्या अडवू शकतो.
• पूलमधली लिक्विडिटी लॉक आहे का? नसेल तर मालक अख्खा हौद उपसून नेऊ शकतो.

आणखी एक. १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. म्हणजे गेले ते गेलेच. तेव्हा पुढच्या वेळी टिप आली की ‘किती वाढलं?’ विचारूच नका. ‘विकलं कुणी?’ एवढंच विचारा!