पडद्यावरचे लेखक (भाग ६) : टेपरेकॉर्डर चालू असताना

गेल्या आठवड्यातल्या 'कपोटी'त प्रश्न विचारणारा मोठा लेखक होता आणि समोर बसलेला फाशीची वाट पाहणारा कैदी. आजच्या 'द एन्ड ऑफ द टूर'मध्ये पारडं फिरलं आहे. मोठा लेखक इथे उत्तरं देतो. प्रश्न विचारणारा डेव्हिड लिप्स्की तिशीतला पत्रकार आहे. त्याचीही कादंबरी त्याच वर्षी आलेली आहे, पण तिच्यासाठी कुणी त्याच्या दारात टेपरेकॉर्डर घेऊन उभं राहिलेलं नाही. जेम्स पॉन्सोल्ट यांच्या या २०१५ सालच्या चित्रपटाचा जीव या एका सलात आहे, असं मला वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. फेब्रुवारी १९९६ मध्ये डेव्हिड फॉस्टर वॉलेसची 'इन्फिनिट जेस्ट' प्रसिद्ध झाली. १०७९ पानं, शेवटी ३८८ टीपा. टेनिस अकादमीतली मुलं, व्यसनमुक्ती केंद्रातली माणसं आणि एकदा बघायला बसलं की माणूस मरेपर्यंत उठूच शकणार नाही असा एक चित्रपट, असा तिचा अवाढव्य पसारा. समीक्षकांनी वॉलेसला डोक्यावर घेतलं. लिप्स्की तेव्हा 'रोलिंग स्टोन'साठी लिहीत होता. पुस्तकाच्या प्रचारदौऱ्याच्या शेवटच्या टप्प्यात तो इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनजवळ वॉलेसच्या घरी पोचला आणि पाच दिवस त्याच्याबरोबर राहिला. बर्फात बुडालेलं एकमजली घर, दोन कुत्रे, विद्यापीठातला वर्ग, मिनिआपोलिसची फेरी, तिथलं वाचन, मॉल, बर्गर, परतीचा प्रवास. चित्रपटाची गोष्ट म्हणाल तर एवढीच.

चरित्रपट म्हटलं की आपल्याला पाळण्यापासून सरणापर्यंतचा प्रवास बघायची सवय आहे. इथे पटकथाकार डॉनल्ड मार्ग्युलिस यांनी पाच दिवसांपलीकडचं जवळजवळ सगळं सोडून दिलं. ते मुळात नाटककार, पुलित्झर मिळवलेले. पॉन्सोल्ट येल विद्यापीठात त्यांचेच विद्यार्थी होते. त्यामुळे हे जवळपास दोन पात्रांचं नाटक झालं आहे आणि संवादांचा मोठा भाग त्या कॅसेटींवरच्या खऱ्या बोलण्यातून आलेला आहे.

तिसरं पात्र म्हणजे तो टेपरेकॉर्डर. तो खाण्याच्या टेबलावर असतो, गाडीत असतो, कधी लिप्स्कीच्या हातात असतो. गप्पा रंगात आल्या की आपण त्याला विसरतो, लिप्स्की मात्र विसरत नाही. वॉलेस सुरुवातीलाच एक अट घालतो : मी काही बोललो आणि पाच मिनिटांनी म्हणालो की हे छापू नकोस, तर छापायचं नाही. लिप्स्की कबूल होतो. वॉलेस ही अट घालतो, कारण हा धंदा त्याला दुसऱ्या बाजूनेही ठाऊक आहे. 'हार्पर्स' मासिकासाठी त्याने इलिनॉयच्या जत्रेवर आणि कॅरिबियन समुद्रातल्या आलिशान जहाजाच्या सफरीवर वृत्तांत लिहिले होते. अनोळखी माणसाचं निरीक्षण करून त्याला कागदावर कसं उतरवतात, हे तो जाणून होता. म्हणून त्याच्या प्रांजळपणातही सावधपणा आहे. प्रांजळ दिसण्याची आपल्याला किती हौस आहे, हेही तो बोलून दाखवतो आणि त्या बोलण्यानेही समोरच्याला जिंकतो. जेसन सीगल विनोदी भूमिकांसाठी ओळखला जाणारा नट. हा दुपदरीपणा त्याने ज्या हळुवारपणे दाखवला आहे, त्याला तोड नाही.

जेसी आयझेनबर्गच्या लिप्स्कीला या माणसाशी मैत्री हवी आहे, त्याच्यासारखं व्हायचं आहे आणि त्याच्याकडून बातमीही काढायची आहे. तिन्ही इच्छा खऱ्या आहेत आणि एकमेकींच्या आड येतात. वॉलेस फोनवर लिप्स्कीच्या मैत्रिणीशी बराच वेळ बोलतो, तेव्हा लिप्स्कीचा चेहरा बघा. संपादक फोनवर बजावतो की हेरॉइनच्या अफवेबद्दल विचारलंच पाहिजे. प्रश्न येतो आणि पाहुणचाराची ऊब क्षणात उतरते. वॉलेस सांगतो की त्याचं खरं व्यसन टीव्हीचं होतं. पुढे रात्री तो लिप्स्कीच्या खोलीच्या दाराशी येऊन, पूर्वी ज्या निराशेने त्याला इस्पितळापर्यंत नेलं तिच्याविषयी बोलतो. तिथे कुणीही कुणावर छाप पाडत नाही. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला सर्वांत सच्चा प्रसंग तोच.

आणि त्यानंतर निघण्याच्या सकाळी वॉलेस बाहेर गाडीवरचा बर्फ खरवडत असतो, तेव्हा लिप्स्की रेकॉर्डर तोंडाशी धरून घरभर भराभर फिरतो. भिंतीवर काय, कपाटात काय, टेबलावर काय, सगळ्याची यादी कुजबुजत टेपवर घेतो. वर्तमानपत्रात काम केलेल्या कुणालाही हा प्रसंग बोचेल. तपशील टिपणं हे त्याचं कामच आहे आणि तरीही यजमानाची पाठ वळल्यावर ते करावं लागतं. पॉन्सोल्ट त्याला खलनायक करत नाहीत, मोकळाही सोडत नाहीत.

तो लेख 'रोलिंग स्टोन'मध्ये कधी छापलाच गेला नाही. १२ सप्टेंबर २००८ रोजी वॉलेसने कॅलिफोर्नियात आत्महत्या केली. तो ४६ वर्षांचा होता. त्यानंतर लिप्स्कीने त्याच्या अखेरच्या काळावर लिहिलेल्या दीर्घ लेखाला नॅशनल मॅगझिन अवॉर्ड मिळालं, २०१० मध्ये त्या पाच दिवसांच्या संभाषणाचं पुस्तक आलं आणि पुस्तकावरून चित्रपट. वॉलेसच्या वाङ्मयीन हक्कांच्या विश्वस्तांनी चित्रीकरणानंतर जाहीर विरोध केला. या मुलाखतीवर चित्रपट व्हायला वॉलेसने स्वतः कधीही संमती दिली नसती, असं त्यांचं म्हणणं.

मला चित्रपट मनापासून आवडला आणि तरीही हा आक्षेप मला खरा वाटतो. पाच मिनिटांची ती अट जिवंत माणसासाठी होती. मेलेला माणूस आपला शब्द मागे घेऊ शकत नाही. मासिकातल्या एका लेखासाठी बोललेलं बोलणं नटाच्या तोंडून जगभर ऐकू यावं, यासाठी त्याला कुणी विचारलं नव्हतं. कॅसेटवरचा शब्दन् शब्द खरा असला तरी संमतीचा प्रश्न त्याने सुटत नाही. चित्रपट हा वाद मिटवत नाही. फक्त, लिप्स्कीची हाव झाकायची नाही एवढं भान त्याने राखलं आहे, आणि माझ्या लेखी त्याची बाजू तेवढ्यापुरती मजबूत आहे.

म्हणूनच वॉलेस कळावा म्हणून कुणी हा चित्रपट लावू नये. मुलाखतीत दोन माणसांचं काय होतं ते कळायला मात्र जरूर बघावा. वॉलेससाठी त्याचं लेखन आहेच. १०७९ पानांचा धसका वाटत असेल, तर जहाजाच्या सफरीवरचा तो दीर्घ निबंध आधी घ्या. १९९७ च्या निबंधसंग्रहाला त्याचंच शीर्षक आहे. तिथे प्रश्न विचारणारा, टिपणं काढणारा आणि त्या टिपणांपायी बेचैन होणारा माणूस वॉलेस स्वतःच आहे.