चिठ्ठीवांचून कीटक

शाळेंत असतांना मुलांकरितां मीं एक कीटकपेटी सजविली होती. भुंगे, नाकतोडे, फुलपाखरें अशा प्रत्येकाखालीं वळणदार अक्षरांत संस्कृत नांव लिहिलें होतें. एका पावसाळ्यानंतर पेटी उघडली, तों टांचण्या गंजलेल्या आणि पंखांची भुकटी झालेली! डांबराच्या गोळ्या वेळीं न बदलल्यामुळें बारीक किड्यांनीं तीं फस्त केलीं. दोष सर्वस्वीं माझा. एका गेंड्या भुंग्याचें कवच तेवढें शिल्लक होतें. एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, हा कोठें सांपडला?" मला सांगतां येईना. चिठ्ठीवर नांव होतें. स्थळ नव्हतें, काळ नव्हता.

यंदां नातवंडांनीं पेटी करावयास घेतली, तेव्हां तो प्रश्न आठवला.

कीटक कोणास म्हणावें, हें मुलांना मोजूनच ठरवूं द्यावें. अमरकोशांत भ्रमराला 'षट्पद' म्हटलें आहे. त्या शब्दांत अर्धें शास्त्र आलें. पाय सहा आणि डोकें, छाती, पोट असे शरीराचे भाग तीन, तो कीटक. आठ पायांचा कोळी अर्थातच पेटीबाहेर राहतो.

वाळलेला कीटक टोंचतांना मोडतो. म्हणून झांकणाच्या बरणींत ओलसर वाळूवर कागद पसरून त्यावर तो एक-दोन दिवस ठेवावा; सांधे मऊ होतात. न गंजणारी बारीक टांचणी फुलपाखराच्या छातीच्या मध्यांतून, भुंग्याच्या मात्र उजव्या कठीण पंखांतून घालावी. पंख कागदी पट्ट्यांनीं पसरून आठवडाभर वाळूं द्यावे. पेटीच्या तळाशीं भेंड किंवा बूच बसवावें. डांबराची गोळी कोपऱ्यांत मोठ्या माणसांनींच पक्की करावी. पेटीस ऊन लागूं देऊं नये, रंग विटतात.

चिठ्ठ्या दोन असाव्या. पहिलीवर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाराचें नांव. दुसरीवर कीटकाचें नांव. प्राण्यांच्या शास्त्रीय नांवांचा आरंभ लिनियसच्या १७५८ सालच्या आवृत्तीपासून मानतात. त्यानंतर कित्येक नांवें बदललीं. नांव चुकलें तर पुढें कोणीहि सुधारील. पण स्थळकाळ एकदां हरवला कीं कोणत्याहि पंडितास तो परत आणतां येत नाहीं. नांव ठाऊक नसल्यास दुसरी चिठ्ठी कोरी ठेवावी. तर्कानें भरूं नये.

पेटींत एक जागा रिकामी राहिली, तेव्हां नातू जाळें घेऊन अंगणांतल्या फुलपाखरामागें धांवूं लागला. मीं त्यास थांबविलें. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें कित्येक फुलपाखरांस संरक्षण आहे, हें एक कारण. आणि कायदा नसता तरी दिव्याखालीं मरून पडलेले जीव आपल्या कामास पुरेसे आहेत, हें दुसरें. त्यानें तें फुलपाखरूं पाहून चित्र काढलें, खालीं गांव व तारीख लिहिली, आणि तें त्या जागीं लावलें. नांवाची चिठ्ठी अजून कोरीच आहे. साऱ्या पेटींत मला तीच अधिक आवडते.