मुंबईत आलेला नीत्शेचा मित्र

इतिहास म्हणजे बुद्धीची वाटचाल, असे जर्मन तत्त्वज्ञ हेगेल मानी. दुसरा जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवर याला ते साफ नामंजूर होते. इतिहासात तेच ते पुन्हा घडते, असे तो म्हणे. त्याची भिस्त उपनिषदांवर. दारा शुकोहच्या फारसी भाषांतरावरून झालेली लॅटिन प्रत तो वाचत असे. त्याचा अनुयायी, नीत्शेचा शाळासोबती पॉल डॉयसन २५ फेब्रुवारी १८९३ रोजी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे वेदान्तावर बोलला. शेजाऱ्यावर प्रेम करा, असे बायबल सांगते. का करायचे, याचे उत्तर डॉयसनला उपनिषदांतल्या ‘तत्त्वमसि’त (‘ते तूच आहेस’) सापडले. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) डॉयसनचा दाखला दिला आहे. वाचकांनी ‘गीतारहस्य’ काढून तो जरूर शोधावा.