रुग्णसेवकांचा शीण आणि आपली जबाबदारी

रुग्णाची वेदना ओळखून आपुलकीने त्याची शुश्रूषा करणे हे आरोग्यसेवेचे मर्म होय. परंतु दुसऱ्याचे दुःख रोज वाहणाऱ्या माणसाचे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी १९७४ साली मोफत दवाखान्यांतील सेवकांच्या या अवस्थेवर ‘बर्नआऊट’ या नावाने लेख लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. संघटना याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या आणि न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम मानते. म्हणून रात्रपाळीतील परिचारिका खेकसली की ‘हिला माणुसकीच नाही’ असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. तिच्याकडे किती खाटा आहेत, हेही विचारावे.

आपला सांगोला तालुका वाड्यावस्त्यांवर विखुरलेला आहे. अशा भागात घरोघरी पोहोचते ती आशाताई. साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक आशा, असे हे प्रमाण आहे. कोरोनाकाळात, २०२० च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत एकेका पथकाला दिवसाला सुमारे ५० घरे तपासायची होती. पुढे १५ जून २०२१ पासून मानधनवाढ व इतर मागण्यांसाठी राज्यातील आशांना संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. गौरवाने मान उंचावते, पण कामाचा भार हलका होत नाही.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कोणीच पाहत नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर ठेवले. नंतर तथागतांनी सर्व संघाला परस्परांच्या शुश्रूषेची आठवण दिली. करुणेचा भारही वाटून घ्यायचा असतो, हा बोध आपण यातून घ्यावा.

तेव्हा रिक्त पदे भरावीत, मानधन वेळेवर मिळावे, हक्काची सुटी मिळावी, ही मागणी सभासदांनी आपलीच मानावी. रुग्णाजवळ पाळीपाळीने बसावे, दवाखान्यात विनाकारण गर्दी करू नये. विद्यार्थ्यांनी सर्वेक्षणाच्या वेळी आशाताईंना वस्तीत मदत करावी. सेवा करणाऱ्याला विसावा मिळाला, तरच रुग्णाला माया मिळेल.