रोजमेळ आणि ताळेबंद

एका दिवसाच्या गल्ल्यावरून वर्षाचा नफा ठरत नाही, हे आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांच्या पेढीवरील नवा मुनीमही जाणतो. परंतु स्वतःच्या देहाच्या हिशोबात मी नेमका हाच नियम विसरलो.

मला मधुमेह जडून बारा वर्षे झाली. रक्त तपासावयाचे असले की दोन दिवस आधी मी गोड व भात वर्ज्य करी. कधी पर्युषणातील उपवासांनंतरच तपासणी करवून घेई. आकडा चांगला येई व मन निश्चिंत होई. वजनमापाचा तपासनीस येणार म्हणून तेवढ्यापुरते माप खरे ठेवावे, तसाच हा प्रकार! फसविले मात्र स्वतःलाच.

उपाशीपोटीची रक्तशर्करा हा त्या घटकेचा रोजमेळ होय, ताळेबंद निराळा. साखर तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणून ‘एचबीए-वन-सी’ ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तेथे दोन दिवसांचे पथ्य कामास येत नाही. बहुतेक प्रौढ रोग्यांनी हा आकडा ७ टक्क्यांच्या आत राखावा, असे सांगतात. ज्याची त्याची मर्यादा डॉक्टर ठरवितात.

वाढलेली साखर दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुर्बल करते. त्या झिरपतात, पुढे त्यांतून रक्तस्रावही होतो. प्रारंभी डोळा दुखत नाही, दिसण्यातही उणे पडत नाही. मला वहीतील ओळी वाकड्या दिसू लागल्या, तेव्हा चष्म्याचा नंबर बदलला असेल असे समजून मी सहा महिने दवडले. लेसर उपचाराने पुढील हानी थांबली. गेलेली दृष्टी परतली नाही. उजव्या डोळ्याने आज मला पावतीवरील आकडे वाचता येत नाहीत.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९६ साली आपले पहिले ग्रामीण केंद्र आपल्या भैंशाजवळील मुधोळ येथे उघडले. तेव्हा ‘नेत्रतज्ज्ञ दूर आहेत’ ही सबबही मजपाशी नव्हती.

बंधुभगिनींनो, मधुमेह असल्यास दृष्टी उत्तम असली तरी दरवर्षी डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करवून दृष्टिपटल तपासून घ्यावे. गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांस अवश्य विचारावे, कारण साखर एकाएकी उतरणेही घातक ठरते. दिवाळीस वहीपूजन आपण चुकवीत नाही. त्याच सुमारास हीही तपासणी होऊन जावी. व्यापारातील तूट पुढील हंगामात भरून निघते, डोळ्याची निघत नाही.