कॅम्पातला मौनी रसिक

पुण्याच्या कॅम्पात चार बावडी भागात एक छोटा पांढरा दर्गा आहे. गाड्या, रिक्षा त्याला वळसा घालून जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कडुनिंबाखाली एक वृद्ध फकीर बाई बसायची. उन्हापावसात तीच जागा. हजरत बाबाजान तिचं नाव, मूळची पठाण मुलखातली. तिचं वय शंभराच्या पुढे असल्याचं भक्त सांगत. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ती गेली आणि बसायची तिथेच तिची समाधी झाली.

१९१३ साली डेक्कन कॉलेजचा एक इराणी विद्यार्थी सायकलवरून या झाडाजवळून जात असताना बाबाजानने त्याला हाताने बोलावलं. त्याचं नाव मेरवान शेरियार इराणी. जन्म २५ फेब्रुवारी १८९४, पुण्याच्या ससून रुग्णालयातला. शाळा कॅम्पातलीच, सेंट व्हिन्सेंट. तो रोज संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसू लागला. काही महिन्यांनी एका रात्री तिने त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि त्याचं भान हरपलं. जगाला तो मेहेरबाबा म्हणून माहीत झाला.

आपल्याकडे साक्षात्काराची गोष्ट बहुधा इथेच संपते. गुरूने कपाळाला स्पर्श केला, प्रकाश दिसला, इति सुफळ संपूर्ण. मला मात्र पुढची सात-आठ वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. चरित्रं वाचताना आपण नेमकी तीच भराभर उलटतो.

सुरुवातीचे नऊ महिने मेरवानला झोप नव्हती, खाण्यापिण्याची शुद्ध नव्हती. पोराला वेड लागलं या धास्तीने आई शिरीनबाईंनी डॉक्टर केले, औषधं केली. वडील शेरियारजी मात्र स्वस्थ होते. तरुणपणी इराणात ते स्वतः दरवेशी होऊन भटकले होते, त्यामुळे घरात काय चाललंय याचा अंदाज बहुधा त्यांनाच असावा. या अवस्थेतून देहभानावर परत येणं हे भोगण्याचं काम होतं. घरातल्या एका दगडावर तो रोज कपाळ आपटायचा. तो दगड पुण्यातल्या त्यांच्या घरी अजून जपून ठेवला आहे. १९१५ मध्ये शिर्डीच्या खंडोबाच्या देवळात उपासनी महाराजांनी या तरुणाच्या कपाळावर नेम धरून दगड मारला, आणि इथून आपण पुन्हा जगाच्या भानावर येऊ लागलो असं मेहेरबाबा पुढे सांगत. पण तेही एका दगडात झालं नाही. महाराजांकडे साकोरीला जाणं-येणं वर्षानुवर्षं चाललं. १९२१च्या उत्तरार्धात सहा महिने ते तिथेच राहिले, तेव्हा कुठे हे प्रकरण पुरं झालं.

मधल्या काळात हा माणूस काय करत होता? नाटक कंपनीची व्यवस्था पाहत होता! कावसजी खटाऊ यांच्या पारशी नाटक मंडळीबरोबर मेरवान लाहोरपर्यंत गेला. मालक वारले, कंपनी बंद पडली आणि स्वारी पुण्याला परतली. मग वडिलांच्या ताडीच्या दुकानात बाटल्या धुणं, झाडलोट, गल्ला. कसब्यात भागीदारीत स्वतःचं दुकानही काढलं. गिऱ्हाइकाला ताडी देताना कमी पी म्हणून सांगणारा दुकानदार कितपत नफा कमावणार ते उघड आहे. फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावर झोपडी बांधून ते पहिल्या शिष्यांसह राहिले ते १९२२ साली. आजच्या त्या रस्त्यावर ही गोष्ट सांगितली तर कपड्यांच्या दुकानांतली गर्दी हसेल.

गाणं मात्र आधीपासून होतं. मेरवानचा आवाज गोड होता. ढोलक चांगला वाजायचा. हाफिजचं वेड होतं, आणि ‘हुमा’ या टोपणनावाने तो कविता लिहायचा. अरणगावला, अहमदनगरजवळच्या मेहेराबादला, मंडळी जमली तेव्हा भजनाला ढोलकीचा ठेका स्वतः बाबांचाच असायचा. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवीपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून आणि १९५४ पासून नुसत्या हातांच्या खुणांनी बोलणं. म्हणजे गाणाऱ्याने गाणं सोडलं आणि उरलेली चव्वेचाळीस वर्षं ऐकत राहिला. कव्वाली तर प्राणप्रिय. बंड गार्डन रस्त्यावर बडोद्याच्या महाराणी शांतादेवींचा ‘गुरुप्रसाद’ नावाचा बंगला होता. उत्तरायुष्यात बाबा उन्हाळ्यात तिथे येत आणि कव्वालांची बैठक जमे. ज्यांना फारसी-उर्दू कळत नसे त्यांच्यासाठी मधेच खूण करून शेराचा अर्थ सांगितला जाई. शिवाय गायक जिम रीव्हजच्या तबकड्या होत्या, शिष्य मोठ्याने वाचून दाखवत त्या रहस्यकथा आणि वुडहाउस होता. मौनी महाराज आणि वुडहाउस ही जोडी पचायला आपल्याला जरा वेळ लागतो. आपल्या कल्पनेतला साधू चेहरा पाडून बसलेला असतो ना!

सिनेमाचं नातं आणखी मजेचं. शिष्यांना घेऊन बाबा चित्रपटाला जात, आणि पुष्कळदा मध्येच उठत. अर्धा टाकून निघायचं म्हणजे पदरच्या पैशांची हळहळ आलीच, पण आपलं काम झालं, एवढंच उत्तर मिळे. १९३२ मध्ये ते हॉलिवूडला गेले. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या त्या काळच्या सर्वांत बड्या तारे-दांपत्याने आपल्या ‘पिकफेअर’ बंगल्यावर त्यांचं स्वागत केलं. तिथे वाचल्या गेलेल्या त्यांच्या संदेशाचा आशय असा होता की चित्रपट इतक्या माणसांच्या मनाला हात घालतो, म्हणून तो करणाऱ्यांची जबाबदारी मोठी. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. जीवाचा जन्मोजन्मीचा प्रवास दाखवणारा चित्रपट काढायचं ठरलं, पटकथेवर कार्ल फोलमोलरसारखा जर्मन नाटककार बसला. पुढे ‘पिग्मॅलियन’ काढणारा गॅब्रिएल पास्कलही या मंडळींत होता. चित्रपट झाला नाही. पण जो विषय पुढे १९५५ साली ‘गॉड स्पीक्स’ या ग्रंथात तक्त्यांसह मांडला, तो आधी पडद्यावर दाखवावा असं या माणसाला वाटलं होतं, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते.

तो विषय म्हणजे क्रमाक्रमाची वाट. दगड, धातू, वनस्पती, किडे, मासे, पक्षी, पशू असं करत जाणीव माणसापर्यंत येते. येताना संस्कारांचं ओझं साठतं. मग माणूसपणात तेच ओझं उतरवायचं, आणि आत वळून जाणिवेच्या सहा भूमिका ओलांडून सातवीवर पोचायचं. चौथ्या भूमिकेवर सिद्धी हाती येतात आणि तिथेच घसरगुंडी होते, हा इशाराही आहेच. चमत्कारांच्या मागे लागणं त्यांना नापसंत होतं. एल.एस.डी. घेऊन देव दिसतो म्हणणाऱ्या साठीच्या दशकातल्या पाश्चात्त्य तरुणांना त्यांनी साफ सांगितलं की गोळीत देव नाही. आडवाटेने सातवी भूमिका गाठता येत नाही.

पण रोज करायचं काय? त्याचं उत्तर त्यांच्या प्रवचनांत आहे. ही प्रवचनं १९३८ पासून ‘मेहेर बाबा जर्नल’ या मासिकात इंग्रजीत आली, आणि बाबांनी सांगितलेल्या मुद्द्यांना ते रूप देणारे होते नागपूरचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक चक्रधर धरणीधर देशमुख. ध्यानावरच्या भागात एक साधी गोष्ट आहे. मनाला बळजबरीने एका कल्पनेवर दाबून धरणं म्हणजे ध्यान, अशी आपली समजूत असते, म्हणून ते नकोसं होतं. खरं तर एकाग्रता प्रत्येकाला येतच असते, फक्त ज्यात रस असतो तिथे. म्हणून ध्यानही गोडी असेल तरच टिकतं, आणि प्रत्येकाने आपल्या पिंडाप्रमाणे त्याची रीत निवडावी.

मला वाटतं, कव्वाली आणि सिनेमाचं कोडं इथे सुटतं. तीन तास चाललेल्या बैठकीत मांडी न बदलणारा माणूस सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसला की चुळबुळतो. फरक गोडीचा. वारकऱ्यांना हे केव्हाच ठाऊक होतं, म्हणून तर नामाला टाळ-मृदंग आले. मेहेरबाबांनी त्यात जिम रीव्हज आणि हॉलिवूड घातलं, एवढंच.

यावरून मजा करा, तीच साधना, असं कुणी म्हणेल तर त्याने १९४९ पाहावं. १६ ऑक्टोबरला वीस सोबत्यांसह बाबा ‘नवजीवना’ला निघाले. आश्रम, पैसा, मालमत्ता यांवर पाणी सोडून, पूर्ण निराधार. आधी बेळगावला मुक्काम करून भिक्षा मागायची तालीमसुद्धा झाली. मग काशीकडे. भक्तांनी भेटायचं नाही, पाया पडायचं नाही, आणि सोबत्यांनी चेहऱ्यावर वैताग दाखवायचा नाही. थंडी, भूक, कडक नियम, आणि या सगळ्यात नवजीवनाचं एक गाणंही होतं, सोबत्यांपैकी डॉ. गनी मुन्सिफ यांनी रचलेलं! स्वतःला ते अवतार म्हणवत, ते मानायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. रसिकपणा आणि कडकपणा एकाच अंगात नांदत होते, हे मात्र नोंदलेलं आहे.

पुढची गोष्ट पुणेकरांना माहीत असायला हवी होती, पण फारशी नाही. १९६९च्या उन्हाळ्यात गुरुप्रसादला पाश्चात्त्य भक्तांसाठी दर्शन ठरलं होतं. जानेवारीत बाबा गेले. मेहेराबादला देह समाधीत ठेवताना त्यांच्या इच्छेप्रमाणे कोल पोर्टरचं ‘बिगिन द बिगीन’ वाजवलं गेलं, एकदा नव्हे, सात वेळा. ठरलेलं दर्शन मात्र रद्द झालं नाही. एप्रिल ते जून भक्त विमानाने पुण्याला येत राहिले आणि गुरुप्रसादमधल्या रिकाम्या खुर्चीपुढे वाकत राहिले. तो बंगला पुढे पाडला गेला. पाश्चात्त्य भक्तांपैकी ‘द हू’ या बँडचा पीट टाउनशेंड रॉकवाल्यांना अधिक माहीत असेल. १९७१ सालच्या त्याच्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्यातले बाबा आपले कॅम्पातले.

आता दर ३१ जानेवारीला मेहेराबादला बाबांची पुण्यतिथी, म्हणजे अमरतिथी, असते. पुण्याहून जाणारे बरेच असतात. दुपारी सव्वाबाराला हजारो माणसं पंधरा मिनिटं गप्प राहतात. त्यानंतर पुन्हा गाणी सुरू होतात, आंध्रातली भजनं, मराठी अभंग, कव्वाली, गिटारवरची इंग्रजी गीतं, जमेल तसं आणि जमेल त्या सुरात. आणि संध्याकाळी बाबांच्या जुन्या चित्रफिती पडद्यावर दाखवतात.