कॅमेरा टिकतो तो तारेवर: द्रोणागिरीतील घरांची सीसीटीव्ही जोडणी

घरगुती सुरक्षा कॅमेऱ्यांच्या व्यवस्थेचे चार भाग असतात: चित्र टिपणारा कॅमेरा, ते साठवणारा रेकॉर्डर, दोघांना लागणारा वीजपुरवठा आणि या साऱ्यांना जोडणारी केबल. खरेदीच्या वेळी चर्चा होते ती पहिल्या भागाची, म्हणजे मेगापिक्सेलची. व्यवस्था बंद पडते ती मात्र बहुतेक वेळा चौथ्या भागामुळे. सांध्यात पाणी शिरते, पिन गंजते, लांबलेल्या बारीक तारेत व्होल्टेज पडते. खाऱ्या हवेच्या आणि धो-धो पावसाच्या वस्तीत तर जोडणीचे काम कॅमेऱ्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे ठरते.

द्रोणागिरी ही अशीच वस्ती आहे. सिडकोने आखलेल्या नवी मुंबईचा हा नोड उरण तालुक्यात, पनवेलच्या पश्चिमेला आहे. उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगरावरून त्याला हे नाव मिळाले. जवळच १९८९ मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर आणि त्याच्या कंटेनर यार्डांचा पसारा आहे, तर दुसऱ्या अंगाला खाडी आणि पाणजे येथील पाणथळ जागा. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते चिर्ले हा अटल सेतू आणि खारकोपर ते उरण हा रेल्वेमार्ग यांचे उद्घाटन झाले. या मार्गावर द्रोणागिरीचे स्वतःचे स्थानक आहे. सिडकोची गृहसंकुले आणि जमीन संपादित झालेल्यांना विकसित भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेतील भूखंडांवर उभ्या राहिलेल्या इमारती यांमुळे वस्ती वाढते आहे. नव्या वस्तीत काही घरे बराच काळ बंद असतात, शेजार अजून ओळखीचा झालेला नसतो, म्हणून दारावर कॅमेरा बसवण्याकडे रहिवाशांचा कल असतो.

घरासाठी कॅमेरा ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पती अल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये अशा व्यवस्थेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मंजूर झाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रे, त्यांतून पाहणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा आणि दुरूनच दार उघडण्याची सोय असा तो आराखडा होता. बाहेर कोण आहे ते दार न उघडता कळावे, हा त्यामागचा हेतू आजही तसाच आहे.

आधी पाहणी

चांगला तंत्रज्ञ ड्रिल हातात घेण्याआधी घर फिरून पाहतो. मुख्य दार, जिना, पार्किंगचे तोंड, गच्चीचे दार आणि तळमजल्यावरील मागच्या खिडक्या या आत येण्याच्या वाटा. प्रत्येक कॅमेऱ्याकडून नेमके काय हवे, हे तिथेच ठरते. कोणीतरी आले एवढेच कळायला हवे की चेहरा ओळखता यायला हवा? या प्रश्नाला २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने आकड्यांत उत्तर दिले. हालचाल लक्षात येण्यासाठी दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५ पिक्सेल पुरतात; ओळखीची व्यक्ती ओळखू येण्यासाठी १२५ लागतात, तर अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवण्यासाठी २५०.

दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल असते. दर मीटरला २५० पिक्सेल हवे असतील तर दृश्य सुमारे पावणेआठ मीटरपेक्षा रुंद असून चालत नाही. घरगुती कॅमेऱ्यात सर्रास असणारे २.८ मिलिमीटरचे भिंग दृश्य खूप रुंद दाखवते, त्यामुळे ही मर्यादा कॅमेऱ्यापासून जेमतेम तीन मीटरवर संपते. ६ मिलिमीटरच्या भिंगात ती साधारण आठ मीटरपर्यंत जाते. म्हणून दाराजवळ २.८ चे आणि लांबच्या फाटकावर नजर ठेवायला ६ चे भिंग, अशी निवड केली जाते. उंची साधारण आठ ते दहा फूट ठेवतात. त्याहून वर गेल्यास चेहऱ्याऐवजी डोक्याचा माथाच दिसतो, खाली आल्यास कॅमेरा हाताने सहज फिरवता येतो.

कोणती केबल

घरगुती कामात दोन पद्धती रूढ आहेत. पहिली डीव्हीआर नावाच्या रेकॉर्डरची. तिच्यात थ्री प्लस वन नावाची केबल वापरतात. या केबलमध्ये चित्र वाहणारी एक कोएक्सियल तार आणि सोबत तीन बारीक तारा एकाच वेष्टणात असतात. टोकाला चित्रासाठी बीएनसी आणि विजेसाठी डीसी पिन लागते. दुसरी पद्धत आयपी म्हणजे नेटवर्क कॅमेऱ्यांची; त्यांच्या रेकॉर्डरला एनव्हीआर म्हणतात. तिच्यात कॅट-६ ही एकच केबल चित्र आणि वीज दोन्ही नेते. पीओई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सोयीचे पहिले मानक २००३ मध्ये आले. त्यात कॅमेऱ्यांच्या केबल जिथे एकत्र येतात त्या स्विचच्या प्रत्येक पोर्टमधून १५.४ वॅटपर्यंत शक्ती मिळते. २००९ च्या सुधारित मानकाने ती मर्यादा ३० वॅटवर नेली. कॅट-६ चा एक टप्पा १०० मीटरपर्यंत चालतो, त्यामुळे घर किंवा लहान इमारतीला तो पुरून उरतो.

पहिल्या पद्धतीत वीज १२ व्होल्टवर जाते आणि तिथेच फसगत होते. कॅमेरा ४० मीटर दूर आहे आणि तार ०.२ चौरस मिलिमीटरची आहे असे धरल्यास जाऊन-येऊन ८० मीटर तांब्याचा रोध सुमारे ७ ओहम भरतो. दिवसा ०.२ अँपिअर प्रवाहाला १.४ व्होल्ट गळतात आणि कॅमेरा चालू राहतो. रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागून प्रवाह ०.५ अँपिअरवर गेला की साडेतीन व्होल्ट गळतात आणि कॅमेऱ्यापाशी साडेआठच उरतात. मग तो बंद पडतो, दिवे विझताच पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. दिवसा ठणठणीत आणि रात्री आंधळा अशी तक्रार आली की तंत्रज्ञाने कॅमेरा बदलण्याआधी त्याच्या पिनपाशी मल्टिमीटर लावावा, तोही दिवे चालू असताना. पीओईमध्ये वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते, म्हणजे तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी लागतो आणि गळतीही कमी होते.

तारेचा धातूही तपासावा. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, ती वाकवताना लवकर तुटते आणि उघड्या टोकाला लवकर खराब होते. टोक ब्लेडने हलके खरवडले असता आत पांढरट धातू दिसला तर ती केबल परत करावी.

पाऊस आणि खारी हवा

रायगड जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बाहेरच्या कॅमेऱ्यावर आयपी ६६ किंवा आयपी ६७ अशी खूण असावी लागते. पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांमुळे उडणाऱ्या धुळीचा विचार करता द्रोणागिरीत पहिला अंकही तितकाच कामाचा. पण ही खूण कॅमेऱ्याच्या डब्यापुरती असते. त्याच्या शेपटीला लोंबणारा सांधा तिच्यात येत नाही, आणि खारे पाणी पहिल्यांदा तिथेच शिरते. बीएनसीवर हिरवट थर चढतो, चित्रात आडव्या पट्ट्या सरकू लागतात, मग ते नाहीसेच होते.

यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक बाहेरचा सांधा झाकणाला रबरी पट्टी असलेल्या जंक्शन बॉक्समध्ये बंद करावा. केबल बॉक्समध्ये खालच्या बाजूने न्यावी आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकून जाते. भिंतीतले छिद्र आतून बाहेर उतरते पाडावे आणि सिलिकॉनने भरावे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत. साधे स्क्रू गंजून भिंतीवर तांबडे ओघळ उतरतात आणि पुढे कॅमेरा कलतो. उघडी केबल उन्हात तडकते, म्हणून बाहेर पीव्हीसी पाइप आणि घरात केसिंग-कॅपिंग वापरतात. विजेच्या वायरिंगपासून तिला साधारण फूटभर दूर ठेवावे. ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावे.

कॅट-६ च्या टोकाला आरजे-४५ बसवणे हे या कामातले खरे कसब. बाहेरचे वेष्टण काढले की पिळलेल्या चार जोड्या दिसतात. त्या सरळ करून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी या क्रमाने लावतात आणि एका रेषेत कापतात. मग आठही तारा कनेक्टरच्या टोकाला टेकेपर्यंत आत सारून क्रिंपिंगच्या पकडीने दाबतात. पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नये आणि बाहेरचे वेष्टण कनेक्टरच्या आत पकडले गेले पाहिजे. ते बाहेर राहिले तर सगळा ताण बारीक तारांवर येतो. शेवटी केबल टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागले की जोड पक्का झाला.

पाणथळ जागेजवळ आणखी एक त्रास असतो. इन्फ्रारेड दिव्यांच्या उबेला आणि उजेडाला किडे जमतात, त्यांच्यामागे कोळी येऊन भिंगापुढे जाळे विणतो आणि रात्री ते जाळेच पांढरे चमकते. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने जाळे काढणे एवढीच त्याची देखभाल.

वीज, साठवण आणि पासवर्ड

वीज गेल्यावरही चित्रण चालू राहावे म्हणून रेकॉर्डर, स्विच आणि राउटर तिन्ही इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर घ्यावे लागतात. गच्चीवरच्या लांब केबलमधून पावसाळी विजांचा झटका आत येऊ शकतो, त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग हवे.

साठवणीचे गणित सोपे आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या चित्र आक्रसून साठवण्याच्या पद्धतीत सेकंदाला सुमारे २ मेगाबिट माहिती देतो, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेऱ्यांना दिवसाला सुमारे ८६ जीबी लागतात. म्हणून १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुने चित्रण पुसले जाऊ लागते. गावी गेलेले कुटुंब पंधरवड्याने परतणार असेल तर २ टीबी घेणेच शहाणपणाचे.

कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने असे न बदललेले पासवर्ड वापरूनच जगभरातील असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. भारतातही केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी ठरवल्या असून त्या ९ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झाल्या आहेत. खरेदीच्या वेळी मॉडेलच्या प्रमाणीकरणाची विचारणा करणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

शेजारी आणि न्यायालय

कॅमेऱ्याने स्वतःचे दार पाहावे, समोरच्याचे घर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. समोरची खिडकी चित्रात येत असेल तर कॅमेऱ्याचा कोन बदलावा किंवा सेटिंगमधील प्रायव्हसी मास्कने तेवढा भाग झाकावा. सोसायटीच्या जिन्यात किंवा लॉबीत कॅमेरा लावण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्यावी.

चोरीनंतर चित्रण पुरावा म्हणून द्यायचे असेल तर नुसती पेनड्राइव्हवरची प्रत पुरत नाही. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेला अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातील खटला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणावर उभा होता. त्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत पुरावा कायद्यातील प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. त्यामुळे घटनेनंतर रेकॉर्डरला हात न लावता पोलिसांना कळवावे, आणि रेकॉर्डरचे घड्याळ नेहमी बरोबर ठेवावे. चुकीची वेळ दाखवणारे चित्रण वादात सापडते.

काम पूर्ण झाल्यावर तंत्रज्ञाकडून चार गोष्टी घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये: केबल कुठून गेली त्याचा नकाशा, दोन्ही टोकांना क्रमांक लावलेल्या केबल, ॲडमिन पासवर्ड आणि रात्रीच्या चित्रणाचा नमुना. शक्य असेल तर ही जोडणी मे महिन्याआधी उरकावी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर प्रत्येक जंक्शन बॉक्स एकदा उघडून पाहावा. बॉक्स आतून कोरडा असेल तर काम चोख झाले आहे.